सहाव्या दगडाची ओटी

"म्हंजे इतकी वर्षं मी सवतीची ओटी भरून राहिले?"

रत्नम्मानं हातातला चुन्याचा बोळा पाटीत आपटला. कडब्याच्या कोपात पाच दगड पांढरेशुभ्र होऊन बसले होते, सहावा अर्धाच रंगला होता. तिचं बोट त्या सहाव्याकडं होतं आणि डोळे नवऱ्याकडं.

"सवत कशाची?" संगमेश्वर खाली बघत म्हणला. "लग्न कुठं झालतं?"

"न्हाई झालं तेच बरं. झालं असतं तर एका खणावर भागलं नसतं तिचं."

लेकीला, अंजूला हसू फुटलं, ते तिनं पुस्तकाआड दडवलं. बारावीचं वर्ष, म्हणून ती शेतातबी जाडजूड पुस्तक घेऊन आली होती. तिचा धाकटा भाऊ बसू, त्याला मात्र हसू आलं न्हाई. तो बाभळीला टेकून उभा होता. या भांडणाचं मूळ त्याच्या खिशातल्या मोबाईलात होतं. आणि त्यावर उपाय म्हणून त्यानं जे करून ठेवलं होतं, ते आता अर्ध्या वाटेवर असणार होतं. थांबवायचं म्हणलं तरी थांबत नव्हतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, लातूरकरांची खरी दिवाळी. त्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू दिसत न्हाई. दुकानं बंद, रिक्षा बंद, आणि एरवी मेलेल्या माणसालाबी हजेरीला बोलावतील असले क्लासवालेबी नाक मुठीत धरून सुट्टी देतात. सगळं शहर रानात. कडब्याच्या पेंढ्यांचा कोप उभा करायचा, आत पाच पांडव मांडायचे, त्यांना चुना लावायचा, अंबील, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असा निवद दाखवायचा, मग दिसेल त्या माणसाला हात धरून जेवायला बसवायचं. रेणापूरच्या रस्त्याला संगमेश्वरच्या वडलांचं, गुरुपादप्पांचं हे रान. सोयाबीन निघून हरभरा उभा राह्यला होता, तुरी वाऱ्यावर खुळखुळत होत्या. सगळं कसं झकास होतं, फक्त यांच्या कोपात पांडव सहा होते.

सहावी द्रौपदी, असं रत्नम्माला लग्न होऊन आल्या वर्षी सांगण्यात आलं होतं. ती उदगीरची, तिकडची रीत थोडी वेगळी, म्हणून तिनं मुकाट ऐकलं. दर येळवशीला ती द्रौपदीला हळद-कुंकू लावायची, खण ठेवायची, मूठभर गहू घालून ओटी भरायची आणि लेकराबाळांसाठी काहीबाही मागायची. बसूनं शाळा सोडली त्या वर्षी तर तिनं नारळ चढवला होता.

आणि आज सकाळी गुरुपादप्पांनी बसल्या बसल्या सगळं उधळलं. म्हातारा जुन्या गोष्टी विसरत नव्हता. कोणती गोष्ट कुणापासून दडवायची तेवढं विसरत होता. सून चुना लावून राहिली होती तर हा म्हणला, "त्याला कामून लावती गं? तो पांडव न्हाई. खाली संगूनं छत्री पुरल्याली हाय. त्या नांदेडच्या पोरीची. भूकंपात गेली ना ती."

झालं.

"छत्री पुरली?" रत्नम्मानं पुन्हा विचारलं, जणू एकदा ऐकून पटेना. "छत्री कुणी पुरतं का?"

"आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, तशी पुरली," अप्पा म्हणले. त्यांना वाटलं सून रीत विचारून राहिली. "उभी. भस्म लावून, बेल वाहून. मंतर म्हणायला जंगम बोलवायला निघालता, मी म्हणलो, शरम धर."

"अप्पा, तुम्ही खामोश बसा की जरा," संगमेश्वर म्हणला.

"मी काय केलं? मी तर छत्रीच्या बाजूनं बोलून राहिलो."

बसूनं वडलांकडं बघितलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, बाजारात कापडाचं दुकान, गिऱ्हाईकानं दहा ठाणं उलटीपालटी केली तरी कपाळाला आठी न्हाई. असला थंड माणूस. पण येळवशीला जेवणं झाली की तो कोपाच्या तोंडाशी बसायचा, डोळे मिटायचा आणि ते गाणं म्हणायचा. वर्षातनं एकदाच. बसूनं समज आल्यापासून ते ऐकलं होतं.

गोदेच्या पायरीवर तुझी ओली पावलं गं,
उन्हानं पुसली, तरी मला दिसत राह्यली.
नावाडी म्हणला, चला दादा, दिवस बुडून गेला,
मी म्हणलो, थांब जरा, तिची छत्री राह्यली.

छत्री खरी होती हे बसूला आजच कळलं. गाणं खरं आहे हे मात्र घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. संगमेश्वर नांदेडला कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. एका मास्तरांची मुलगी, बामणाची, चंद्रप्रभा. दोन्ही घरं आडवी आली. मग भूकंप झाला. किल्लारीकडच्या एका गावात तिची बहीण दिलेली होती, तिथं ती राहायला गेली होती, आणि ते घर बसलं. एवढंच रत्नम्माला लग्नाआधी सांगितलं होतं. तिनं विचार केला, मेल्या माणसावर कसली नाराजी. पहिल्या येळवशीला गाणं ऐकून तिच्याबी डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या वर्षी आलं न्हाई. पुढं पुढं ती गाणं सुरू झालं की भांडी घासायला विहिरीवर जायला लागली, आणि भांडी अशी घासायची की गाण्याच्या वर आवाज यावा.

तरी निभलं असतं. पण बसूनं गेल्या येळवशीला वडलांचं गाणं गुपचूप मोबाईलात धरलं.

त्याला दहावीच्या वर्गातनं उठून दीड वर्ष झालं होतं. सरांनी सगळ्यांसमोर बहिणीचे मार्क काढून दाखवले, यानं दप्तर खिडकीतनं टाकलं आणि पाठोपाठ सायकलवर टांग टाकली ती गेटाबाहेर. तेव्हापासून तो लोहा गावच्या रामकिशनच्या साऊंडवर कामाला. वरातीत पुढं टेम्पो, टेम्पोत भिंतीएवढे स्पीकरचे डबे, डब्यांमागं बसू. कान असा तिखट, की कोणत्या डब्याचा कोणता पडदा फाटलाय ते लांबनं सांगायचा. त्यानं नांदेडच्या एका पोराकडनं वडलांच्या गाण्याखाली पेटी-ढोलकी भरून घेतली, आणि साऊंडवाले करतात तसं मधेमधे आपल्या आवाजात शिक्का मारला: "बसू साऊंड, लातूर," आणि पुढं मोबाईल नंबर. शिक्का न्हाई मारला तर दुसरा चोरतो. मेमरी कार्डातनं मेमरी कार्डात गाणं पळालं. दिवाळीपर्यंत लातूर-नांदेड रस्त्यावर एक काळीपिवळी जीप का रिक्षा अशी राह्यली न्हाई, जिच्यात तिसऱ्या कडव्याला चंद्रा मरत नव्हती.

भाजीवाल्या रत्नम्माला विचारायला लागल्या, "दुकानवाल्या अण्णांचाच आवाज ना हो तो? चंद्रा म्हंजे तुम्हीच का?"

"ऐका," रत्नम्मा आता म्हणली. आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मेलेल्या बाईशी मला भांडता येत न्हाई. ती म्हातारी होत न्हाई, तिची भाकर करपत न्हाई, तिचं कधी काही चुकत न्हाई. मी लई सोसलं. आज जेवणं झाल्यावर ते गाणं म्हणलात, तर मी अंजूला घेऊन इथनंच उदगीरला. आणि न्यायला येऊ नका."

"आई, मी येते," अंजू लगेच म्हणली. "पण बोर्डाची परीक्षा झाल्यावर."

"तू बापाच्या बाजूनं की माझ्या?"

"तुझ्याच. पण फिजिक्सच्या क्लासचं काय? उदगीरला तसे सर न्हाईत."

"बघ संगू," अप्पा म्हणले, "सून बरोबर बोलून राहिली. नको म्हणू आज."

संगमेश्वरनं मान वर केली. "म्हणल्याबिगर जमत न्हाई अप्पा. वर्षातनं एकदा तेवढं म्हणतो म्हणून बाकीचं वर्ष निघतं."

"मग त्याचंबी बरोबर हाय," अप्पा म्हणले.

"तुम्ही एका बाजूला बसा की," रत्नम्मा म्हणली, "का वाऱ्यागत फिरता."

मग सगळ्यांचे डोळे बसूकडं वळले. वळणारच होते.

"ह्या दिवट्यानं केलं सगळं," अंजू म्हणली. "दहावी न्हाई, काही न्हाई, घराची इज्जत मात्र रिक्षात वाटली."

"तू गप गं, पाठांतराची पेटी."

"मारा त्याला अण्णा."

"कुणी कुणाला मारायचं न्हाई," संगमेश्वर म्हणला, आणि बसूला म्हणला, "पण तू मला विचारायचं तरी होतं, बाळा."

बसूचं डोकं एरवी काडीसारखं पेटायचं. आज पेटलं न्हाई. त्याला माय जायला नको होती. त्याला स्वतःला जायचं होतं. लगीनसराई लागली होती, रामकिशननं त्याला कायमचं लोह्याला बोलावलं होतं. संध्याकाळी नांदेडात वरात, तिथनं पुढं देगलूर, मुखेड, कुठं कुठं. आजच जायचं ठरलं होतं. पण त्याच्या गाण्यापायी घर फुटून राहिलं असताना तो कुठल्या तोंडानं टेम्पोत चढणार? फुटलेल्या घरातनं निघालेलं पोरगं पळून गेलं म्हणतात. तसं त्याला जायचं नव्हतं.

म्हणूनच तर चार दिवसांपूर्वी तो फोन आल्यावर त्याला देव पावल्यासारखं वाटलं होतं. आता ते सांगावं की काय, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"आई, ती..."

तेवढ्यात बांधावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

रामकिशनचा टेम्पो धुळीतनं डुलत आला. मागं डबे दोरीनं आवळलेले, पुढं रामकिशनशेजारी एक बाई आणि एक अंजूएवढी पोरगी. बाई उतरली. भरल्या अंगाची, चष्मा, साडीवर स्वेटर, स्वेटरचं खालचं बटण तुटलेलं. तिनं आधी पोरीला उतरवलं, मग चप्पल झटकली, मग इकडंतिकडं बघितलं.

"या या," रत्नम्मा पदर सावरत म्हणली. येळवशीला भांडण कितीबी असू दे, माणूस आलं की या म्हणावंच लागतं. "क्लासच्या पोरीची आई का? बसा. खोली करून राहता ना इथं? आज मेसबी बंद असतील."

"हो, बंदच आहेत," बाई म्हणली. "मुलीच्या बारावीसाठी आलेय. ही भार्गवी. नांदेडचं घर सासूबाईंवर सोपवून इथं एका खोलीत राहतेय वर्षभर. तुमचा बसवराज म्हणाला, जेवायला या."

संगमेश्वर पाणी द्यायला म्हणून तांब्या घेऊन पुढं आला होता. तो तिथंच थांबला. बसूनं बघितलं: बापाचं तोंड आधी कोरं पडलं, मग त्याच्यावरचा रंग खाली उतरत गेला. तांब्या हातातच होता, पाणी मात्र सगळं पायावर सांडून राहिलं होतं.

"तुम्ही जाड झालात संगमेश्वर," बाई म्हणली. "मीही झालेय. आवाज तसाच आहे, म्हणून ओळखला रिक्षात."

तुरी खुळखुळल्या.

"ही कोण?" अप्पांनी विचारलं.

"मी चंद्रप्रभा. मास्तरांची."

"ती तर मेली," अप्पा म्हणले.

"तेच ऐकतेय दिवाळीपासून. म्हणून म्हटलं, येऊन सांगावं."

संगमेश्वर खाली बसला. बसला तो थेट हरभऱ्यातच. रत्नम्मा पुढं धावली, मग मधेच थांबली, मग गेलीच. त्याच्या पाठीवर हात ठेवून तिनं त्या बाईकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, तुटल्या बटणासकट.

बसूनं तोंडावर हात ठेवला. चार दिवसांपूर्वीचा तो फोन हिचाच होता. "ते गाणं बंद कर," बाईनं फोनवर म्हणलं होतं, "त्यातली चंद्रा मी आहे आणि मी पोळ्या लाटतेय." नंबर शिक्क्यात होताच. बसूनं तिला फोनवर घरचं सगळं सांगितलं, भांडी घासण्यापर्यंत सगळं, आणि येळवशीला रामकिशनच्या टेम्पोतनं जेवायला बोलावलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, मेलेली जिवंत झाली की काम फत्ते. जिवंत सवत मेलेल्या सवतीपेक्षा वाईट असू शकते, हे त्याला आज भांडण पेटल्यावर सुचलं होतं.

"पहिल्यांदा मला एक सांगा," संगमेश्वर म्हणला. "तू... तुम्ही बाहेर कशा निघालात? घर सगळं बसलं होतं. मी गेलतो. मदतीच्या भाकरी नेणाऱ्या ट्रकात बसून गेलतो मी. दगडांचा ढीग. गावाबाहेर चिता पेटलेल्या, कोण कुणाचं कळत नव्हतं."

"बाहेर कशी निघणार? मी तिथं नव्हतेच."

"मी तुम्हाला जा म्हणलतो. ताईकडं जाऊन महिनाभर राहा, तवर मी अप्पाला राजी करतो म्हणलतो. घाटावर. तुम्ही हाव म्हणलात."

"म्हटलं," चंद्रप्रभा म्हणली. "आणि घरी येऊन विचार केला. अप्पांना विचारतो, विचारतो, म्हणत तुम्ही वर्ष घालवलं होतं. मला राग आला होता तुमचा. मी गेलेच नाही. शिवाय आमच्याकडं अनंताचं उद्यापन होतं, ताई-भाऊजीच लेकरं घेऊन नांदेडला आले होते. म्हणून तर ती वाचली. घर गेलं, माणूस एक नाही गेलं."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही. ताई परभणीला असते. गुडघे दुखतात तिचे."

संगमेश्वरनं डोळे मिटले. बसूला वाटलं आता हा रडणार. पण तो नुसता श्वास घेत राह्यला, लांब लांब, विहिरीतनं वर आलेला माणूस घेतो तसा.

"मी नांदेडला यायला पायजे होतं," तो म्हणला. "पण कुणाच्या नात्यानं येणार? सोयरा न्हाई, जातीचा न्हाई. तुमच्या वडलांनी उंबऱ्यावरनं हाकललेला. दारात जाऊन काय म्हणू, तुमची मुलगी मी मारली?"

रत्नम्माचा हात त्याच्या पाठीवर होता तो थांबला.

"काय म्हणलात?" तिनं विचारलं.

"मीच धाडलं होतं ना रत्ना तिला तिथं. मी जा म्हणलो. तेच टोचत होतं सगळी वर्षं."

रत्नम्मा त्याच्याकडं बघत राह्यली. बसूला मायचं तोंड पाठ होतं. रागाचं, चिंतेचं, उपासाचं, दुखत असताना न दुखल्यासारखं करायचं. हे तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं. जशी काही कुणी तिच्या डोक्यावरची घागर उतरून घेतली आणि मान अजून वाकलेलीच राह्यली.

"आणि मी समजून राहिले की तुम्ही तिच्यासाठी झुरून राहिलात," ती म्हणली.

"आधी झुरलो. खोटं कशाला बोलू. पण झुरणं लवकर संपलं गं. हे संपेना."

"तर हे सांगायचं ना मला."

"काय सांगू? माझ्या हातनं एक पोरगी मेली, आता जेवायला वाढ?"

रत्नम्मा उठली. सगळ्यांना वाटलं आता ही उदगीरची पिशवी उचलणार. तिनं पत्रावळ उचलली, भज्जीचं पातेलं ओढलं आणि चंद्रप्रभेपुढं वाढायला बसली. उंडे, भज्जी, वर तेल, बाजूला ठेच्याची गोळी, वाटगं भरून अंबील.

"जेवा," ती म्हणली. "मेल्यापासून काही खाल्लं नसंल."

पहिलं कोण हसलं ते नंतर कुणालाच सांगता आलं न्हाई. अंजू म्हणायची भार्गवी. बसूच्या मते रामकिशन, तो टेम्पोच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होता. पण चंद्रप्रभा हसायला लागली, नाकाला हात लावून हसायला लागली, आणि बसूनं ते बघितलं मात्र, त्याच्या अंगावर काटा आला. गाण्यात तसंच होतं.

हसायचीस तू तेव्हा नाकाला हात लावून,
तसं हसणारी पुन्हा बाजारात न्हाई भेटली.

"ते ठीक आहे," चंद्रप्रभा डोळे पुसत म्हणली, "पण छत्रीचं मात्र सगळं खोटं आहे हं. ती माझी नव्हतीच. वहिनीची होती. घाटावर विसरले, तर महिनाभर बोलणी खाल्ली मी."

"विसरली?" संगमेश्वर म्हणला. "मला वाटलं मुद्दाम ठेवून गेलीस."

"विसरले. माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची परीक्षा होती. कुठं आहे ती?"

सगळ्यांनी कोपातल्या सहाव्या दगडाकडं बघितलं. अप्पांनी सगळं समजावून सांगितलं. भस्म, बेल, जंगम, सगळं. ते त्यांना चोख आठवत होतं. चंद्रप्रभेचा घास हातातच राह्यला.

"अरे देवा," ती म्हणली. "आणि ओटी तुम्ही भरत होतात?"

"दर वर्षी," रत्नम्मा म्हणली. "लागली का काही?"

"दोन मुली, एक सरकारी नोकरीतला नवरा. लागली म्हणायची." मग ती जरा थांबली. पत्रावळीतला उंडा फोडत, वर न बघता म्हणली, "खरं सांगू का ताई? पहिल्यांदा रिक्षात ऐकलं तेव्हा मी उतरलेच नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, गांधी चौकातनं परत एक चक्कर मार. आपल्यावर कुणी असं म्हणलंय, हे काय वाईट वाटतं? नंतर राग आला. आमचे हे, उद्धवराव, त्यांनाही ते गाणं लई आवडतं. त्यांना काही ठाऊक नाही. आणि परवा नांदेडला गेले, तर सासूबाई मेथी निवडत तेच गुणगुणत होत्या. मी मरते त्या कडव्यावर त्यांचा आवाज फार चांगला लागतो."

रत्नम्मा एवढी हसली की तिला पळी खाली ठेवावी लागली. अंजूनं पुस्तक मिटलं, दिवसभरात पहिल्यांदा. भार्गवी आणि ती लगेच कुठल्यातरी सरांच्या टेस्टबद्दल कुजबुजायला लागल्या. अप्पांनी दुसऱ्यांदा भज्जी मागून घेतली आणि म्हणले, "ही पोरगी चांगली हाय संगू. तेव्हाच का न्हाई आणली घरी?"

"तुम्ही नको म्हणलतात अप्पा."

"मी? हॅ."

"म्हणा की आता," रत्नम्मा नवऱ्याला म्हणली.

"काय?"

"गाणं. जेवणं झाली ना? म्हणा. मी आज विहिरीवर जात न्हाई, इथंच बसते."

संगमेश्वर कोपाच्या तोंडाशी बसला. खाकरला. डोळे मिटले. पहिलं कडवं म्हणलं, दुसरं म्हणलं. आवाज नेहमीसारखाच, खोल, जरा कातर. चंद्रप्रभा अंबिलीचं वाटगं हातात धरून ऐकत होती आणि तिच्या चष्म्याआड काय होतं ते बसूला दिसलं न्हाई. मग तिसरं कडवं आलं.

माती हालली पहाटेला, घर बसलं ते बसलं,
चंद्रा गं, तुझ्या नावाची हाक मातीत जिरली.
उंबऱ्याला विचारलं मी, गेली कुठं धनीण तुझी...

इथं तो अडकला. डोळे उघडून समोर बघितलं. धनीण समोर बसून लिंबाची फोड चोखून राहिली होती. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकला, आणि मग त्याला हसू आवरेना. खांदे हलायला लागले. हसता हसता डोळे भरले, ते त्यानं पुसलेबी न्हाईत.

"न्हाई जमत," तो म्हणला. "लाज वाटून राहिली."

आणि तेव्हा रत्नम्मानं सूर धरला. बसूनं मायला गाताना कधी ऐकलं नव्हतं. उदगीरची ती, जात्यावरच्या ओव्या तिच्या घरात चालत आलेल्या. पण इथं या घरात गाणारं एकच माणूस होतं, म्हणून तिनं आपलं गाणं कधी बाहेर काढलं नव्हतं. चढा, सरळ आवाज, रानात लांब जाणारा.

मेली म्हणून रडला बाई, जिती आली जेवायला,
भज्जी माझी थोडी पडली, तिला दोनदा वाढायला.
रानामधी रडं त्याचं, ऐकलं मी गुमानं,
आज हसला घरधनी, माझ्या दिसाचं झालं सोनं.

"आई, परत म्हण," बसू म्हणला. मोबाईल त्याच्या हातात आला होता. "तसंच म्हण. तिसरं कडवं काढून टाकतो, तिथं हे घालतो."

"माझा आवाज रिक्षात? जा रे."

"म्हणा ताई," चंद्रप्रभा म्हणली. "माझ्यासाठी म्हणा. सासूबाईंना नवीन कडवं तरी मिळेल."

रत्नम्मानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं मान हलवली. मग तिनं पदर नीट केला, मोबाईलसमोर फोटोला बसतात तशी ताठ बसली, आणि पुन्हा म्हणलं.

टेम्पोचा हॉर्न वाजला. "बसूभाऊ," रामकिशन ओरडला, "नांदेडला डबे लावायचेत. नवरदेव घोड्यावर बसून वाट बघंल."

बसूनं आपली पिशवी बाभळीखालनं उचलली. सकाळी ती त्यानं चोरासारखी आणून ठेवली होती. आता सगळ्यांदेखत खांद्याला लावली. कुणी अडवलं न्हाई. मायनं उंडे फडक्यात बांधून दिले आणि म्हणली, "रातच्याला डब्यांना टेकून झोपू नको, कान जातील." अंजू म्हणली, "नंबर माझ्या आवाजात टाक, तुझा लई भिकार येतो." अप्पांनी त्याला भस्म लावलं आणि विचारलं, कुठं निघालास, शाळंत का.

संगमेश्वर त्याच्यासोबत बांधापर्यंत आला. चालताना हलका चालत होता, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळून राहिलं नव्हतं. कधी पाठीमागं बांधायचा, कधी खिशात घालायचा. टेम्पोपाशी आल्यावर त्यानं बसूच्या पिशवीचा बंद उगाच सरळ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पोराला काही विचारलं, पोरगा जाणता असल्यासारखं.

"बसू, पुढच्या येळवशीला मी काय म्हणू रे?"

बसूनं मागं बघितलं. कोपापाशी दोन्ही बाया एका पातेल्यातनं भज्जी खरवडून राहिल्या होत्या. रामकिशननं गाडी चालू केली, डबे थरथरायला लागले.

"ते तुम्ही बघा अण्णा," तो पायरीवर चढत म्हणला. "मला निघायला पायजे आता."